करून देऊ का? स्पॅनिशमधली मदतीची भाषा

माद्रिदच्या कुठल्याही मंडईत मासळीच्या गाळ्यापुढे थोडा वेळ उभं राहावं. रांगेतली बाई ‘मेर्लूथा’ मागते. स्पेनमध्ये घरोघरी शिजणारा हा पांढऱ्या मांसाचा मासा. विक्रेता तो वजनकाट्यावर टाकतो आणि विचारतो, ‘‘से ला लिंपिओ?’’ म्हणजे, साफ करून देऊ का? बाई मान डोलावते. लगेच दुसरा प्रश्न, ‘‘से ला कोर्तो एन रोदाखास?’’ गोल तुकडे करून देऊ? तेही ठरतं. मग शेवटचं, ‘‘आल्गो मास?’’ आणखी काही? एवढ्या व्यवहारात त्या माणसानं दोनदा मदत देऊ केली, पण ‘मदत’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

स्पॅनिश शिकणारे आपण मात्र नेमके त्याच शब्दाला चिकटून बसतो. ‘आयुदार’ म्हणजे मदत करणं हे पहिल्याच आठवड्यात पाठ झालेलं असतं. त्यातून ‘‘प्वेदो आयुदार्ले?’’ (मी आपल्याला मदत करू शकतो का?) हे वाक्य तयार होतं आणि मग ते सगळीकडे वापरलं जातं. वाक्यात चूक काहीच नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षात, सरकारी कार्यालयात, कस्टमर केअरच्या फोनवर ते रोज ऐकू येतं. फोनवर बहुधा ‘‘एन के प्वेदो आयुदार्ले?’’ (कशात मदत करू शकतो?) या रूपात. पण मित्राच्या स्वयंपाकघरात ते बँकेच्या काउंटरवरून आल्यासारखं वाटतं. स्पॅनिश माणूस रोजच्या व्यवहारात मदत करण्याची क्षमता आपल्याकडे आहे का, हे विचारत बसत नाही. तो थेट कामाचं नाव घेतो. या प्रकरणात शिकायचं आहे ते एवढंच.

दोन साचे

पहिला साचा अगदी छोटा आहे: ‘ते’ अधिक क्रियापदाचं ‘मी’चं रूप. ‘ते’ म्हणजे तुला. ‘मी’ करत असलेल्या क्रियेचं वर्तमानकाळी रूप बहुतेक वेळा ओकारान्त असतं. ‘‘ते आब्रो ला प्वेर्ता?’’ दार उघडून देऊ का? ‘‘ते त्राइगो आग्वा?’’ पाणी आणून देऊ? ‘‘ते ग्वार्दो एल सीतिओ?’’ तुझी जागा धरून ठेवू? ‘‘ते येबो?’’ सोडू का तुला? ‘‘ते आकोंपान्यो?’’ सोबत येऊ? आणि ज्यात मदतीचा शब्द आहे असं सर्वांत साधं वाक्य: ‘‘ते आयुदो?’’

मराठी माणसाला हा साचा इंग्रजीच्या आधारानं शिकायची गरज नाही. आपल्याकडे ‘उघडणं’ वेगळं आणि ‘उघडून देणं’ वेगळं. दुसऱ्यासाठी काही करायचं असेल तर आपण क्रियापदाला ‘देणं’ जोडतो: लिहून देतो, निवडून देतो, पोचवून देतो. स्पॅनिशमध्ये हे काम ‘ते’ करतो. ‘आब्रो ला प्वेर्ता’ म्हणजे दार उघडतो. ‘ते आब्रो ला प्वेर्ता’ म्हणजे तुला दार उघडून देतो. समोरच्याला मान द्यायचा असेल तर ‘ते’च्या जागी ‘ले’ येतो. आणि ‘ती वस्तू’ असं सर्वनाम सोबत आलं की ‘ले’चा ‘से’ होतो. मासळीवाल्याच्या ‘से ला लिंपिओ’मध्ये ‘से’ म्हणजे तुम्हाला आणि ‘ला’ म्हणजे ती, अर्थात मेर्लूथा. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम किचकट दिसतो. ‘ती तुम्हाला साफ करून देऊ?’ असं मनात म्हटलं की गुंता उरत नाही.

या साच्यात प्रश्न फक्त सुरात असतो. शेवटी आवाज चढवला नाही, तर ‘दार उघडून देऊ का?’ याचं ‘दार उघडून देतो’ होतं. लिहिताना ही अडचण स्पॅनिशनं वेगळ्या पद्धतीनं सोडवली. रेआल आकादेमिआ एस्पान्योला या भाषेच्या अकादमीनं १७५४ मध्ये प्रश्नाच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह घालावं असं सुचवलं आणि ती पद्धत पुढे रुळली. वाचणाऱ्याला पहिल्या शब्दाआधीच कळतं की आता आवाज चढवायचा आहे.

दुसरा साचा थोडा लांब आणि जास्त अदबीचा: ‘‘किएरेस के ते आयुदे?’’ शब्दशः, मी तुला मदत करावी असं तुला हवं आहे का? इथे ‘आयुदो’चं ‘आयुदे’ झालं. शिकवणारे याला ‘सुब्खुंतीबो’ म्हणतात आणि इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी या नावानं घाबरतात. आपण घाबरायचं कारण नाही. ‘मदत करतो’ आणि ‘मदत करावी’ यांत जो फरक आहे, बहुतांशी तोच ‘आयुदो’ आणि ‘आयुदे’ यांत आहे. इच्छा एकाची आणि कृती दुसऱ्याची असेल, तर आपणही विध्यर्थाकडे वळतो. ‘‘किएरे के ले येबे ला बोल्सा?’’ मी आपली पिशवी घ्यावी का? रस्त्यात एखाद्या आजींना विचारायला यापेक्षा नेटकं वाक्य नाही. त्यात निर्णय त्यांच्याकडे राहतो.

मग ‘आयुदार’ला खरी जागा कुठे? काम समोरच्याचंच राहणार असेल आणि आपण फक्त हातभार लावणार असू, तिथे. ‘‘ते येबो ला मालेता?’’ म्हणजे बॅग मी उचलून नेतो, तू मोकळा चाल. ‘‘ते आयुदो कोन ला मालेता?’’ म्हणजे एक कड तू धर, एक मी धरतो. मेट्रोच्या जिन्यापाशी बाबागाडी घेऊन थांबलेल्या आईला ‘‘ते आयुदो कोन एल कार्रीतो?’’ असंच विचारतात. मूल बसलेली गाडी कुणी अनोळखी माणसाच्या हाती सोपवत नाही. जेवण झाल्यावर ‘‘ते आयुदो आ फ्रेगार?’’ म्हणजे भांडी घासायला मदत करू? आणि ‘‘या फ्रिएगो यो’’ म्हणजे राहू दे, मीच घासते. एरवी गाळला जाणारा ‘यो’ (मी) वाक्याच्या शेवटी आला की तो आपल्या ‘मीच’चं काम करतो.

तू आणि उस्तेद

स्पॅनिशमध्येही ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. दोन्ही भाषांतला हा शब्द एकाच जुन्या इंडो-युरोपीय मुळातून आला आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ मात्र तृतीयपुरुषी क्रियापद घेतो: ‘किएरेस’चं ‘किएरे’ होतं. स्पेनमध्ये ‘तू’वर यायला वेळ लागत नाही. बारमध्ये तरुण गिऱ्हाईक दिसलं की ‘‘के ते पोंगो?’’ (काय देऊ तुला?) असा प्रश्न येतो, गिऱ्हाईक वयस्क असेल तर ‘‘के ले पोंगो?’’ किंवा नुसतं ‘‘दीगामे’’, म्हणजे सांगा. कोलंबियात, विशेषतः बोगोता आणि आसपासच्या डोंगराळ भागात, जवळचे मित्र आणि घरची माणसंही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. त्यात परकेपणा नसतो. आर्जेंटिनात ‘तू’ जवळजवळ नाहीच. तिथे ‘बोस’ आहे आणि त्याची क्रियापदंही वेगळी: ‘किएरेस’ऐवजी ‘केरेस’, आघात शेवटच्या ‘रेस’वर.

पाहुण्याला झेपेल असा नियम सोपा आहे. वयानं मोठ्या अनोळखी माणसाला ‘उस्तेद’नं सुरुवात करावी आणि त्यांनी स्वतः ‘तू’ सुचवलं की मग बदलावं. अहो-जाहोच्या भाषेत वाढलेल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गाव बदललं की

स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे. त्यामुळे एका देशात पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या देशात थोडं वेगळं ऐकू येतं. ‘हातभार लावू का?’ याच अर्थाचं एक वाक्य घ्या. स्पेनमध्ये ‘‘ते एचो उना मानो?’’, मेक्सिकोत बरेचदा ‘‘ते एचो ला मानो?’’, आर्जेंटिनात ‘‘ते दोय उना मानो?’’ तिन्हींत ‘मानो’ म्हणजे हात. गाडीतून सोडतो म्हणायचं तर स्पेनमध्ये ‘‘ते आथेर्को?’’, मेक्सिकोत ‘‘ते दोय उन आबेंतोन?’’ क्यूबात लिफ्टला ‘बोतेया’ म्हणतात. एरवी या शब्दाचा अर्थ बाटली, पण ‘बोतेया’ देऊ करणारा क्यूबन ड्रायव्हर प्यायला बोलावत नसतो.

उच्चारही बदलतात. ‘ग्राथिआस’ हे स्पेनचं, ‘ग्रासिआस’ हे लॅटिन अमेरिकेचं. ब्वेनोस आइरेसमध्ये ‘य’चा ‘श’ होतो, म्हणून तिथे ‘‘ते आशुदो?’’ आणि ‘‘ते शेबो?’’ ऐकू येतं. आपल्या जमेची बाजू म्हणजे मराठीतले दंत्य ‘त’ आणि ‘द’ स्पॅनिशला सरळ लागू पडतात. इंग्रजीच्या सवयीनं ‘टे आयुडो’ म्हणायचं टाळलं तरी निम्मं काम झालं.

मेक्सिकोची अदब वेगळी आहे. दुकानदार ‘‘के से ले ओफ्रेसे?’’ (काय हवं-नको?) असं विचारतो. आपलं नाव सांगताना जुन्या वळणाची माणसं पुढे ‘‘आ सुस ओर्देनेस’’ किंवा ‘‘पारा सेर्बिर्ले’’ जोडतात. आज्ञेत आहे, सेवेला हजर आहे, असा त्याचा अर्थ. कुणी स्वतःच्या घराबद्दल बोलताना ‘‘सू कासा’’, म्हणजे आपलं घर, असं म्हणालं तर गोंधळून जाऊ नये. तो घर तुमचंच समजा म्हणतो आहे. पण दिवस आणि वेळ सांगेपर्यंत ते जेवणाचं बोलावणं नसतं.

कोलंबियाच्या बाजारातून चालताना दोन्ही बाजूंनी ‘‘आ ला ओर्देन’’ ऐकू येतं. तीच माणसं आभार मानल्यावर उत्तरादाखलही ‘‘आ ला ओर्देन’’ किंवा ‘‘कोन गूस्तो’’ म्हणतात. कोस्टा रिकातही ‘दे नादा’पेक्षा ‘‘कोन मूचो गूस्तो’’, मोठ्या आनंदानं, हे उत्तर जास्त चालतं. बोगोतात कुणी ‘‘ले प्रोबोका उन तिंतो?’’ असं विचारलं, तर तो कोरी कॉफी देऊ करतो आहे. स्पेनमध्ये ‘तिंतो’ म्हणजे लाल वाइन, त्यामुळे सकाळी दहा वाजता हा प्रश्न ऐकून पाहुणा चमकतो.

एक धोक्याची सूचनाही इथेच द्यायला हवी. ‘कोखेर’ म्हणजे घेणं, धरणं. स्पेनमध्ये हे क्रियापद दिवसभर तोंडात असतं. मेक्सिको आणि आर्जेंटिनात त्याचा अर्थ अश्लील होतो. स्पेनमध्ये कुणाला आधार देताना ‘‘कोखासे दे मी ब्राथो’’ (माझा हात धरा) बिनधास्त चालतं. अटलांटिकपलीकडे ‘‘तोमेसे दे मी ब्रासो’’ म्हणावं. ‘तोमार’ सगळीकडे निर्धोक आहे.

नकार आणि आग्रह

मदत देऊ केली की लगेच होकार येतोच असं नाही. ‘‘नो से मोलेस्ते’’, आपण त्रास घेऊ नका, हा पहिला नकार बरेचदा शिष्टाचाराचा असतो. इंग्रजीची सवय असलेला कान ‘मोलेस्ते’ ऐकून दचकतो; स्पॅनिशमध्ये ‘मोलेस्तार’ म्हणजे त्रास देणं एवढंच. त्यावर ‘‘नो एस मोलेस्तिआ’’ (त्रास कसला त्यात!) असं एकदा म्हणावं. दुसऱ्यांदाही नकार आला, ‘‘दे बेर्दाद, या प्वेदो यो’’ (खरंच, जमतंय माझं मला), की थांबावं. एकदा आग्रह करणं सौजन्याचं, तिसऱ्यांदा विचारणं समोरच्याला अवघड करणारं.

जेवताना कुणी आलं तर खाणारा ताट थोडं पुढे करून ‘‘गूस्तास?’’ किंवा ‘‘गूस्ता?’’ असं विचारतो. आपल्या ‘या जेवायला’चाच हा भाऊ. याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: स्पेनमध्ये ‘‘नो, ग्राथिआस, के आप्रोबेचे’’, मेक्सिकोत ‘‘ग्रासिआस, प्रोबेचो’’. अन्न अंगी लागो, असा आशीर्वाद देऊन पुढे व्हायचं. खरोखर ताटात हात घातला तर यजमान हसून चालवून घेईल, पण ते त्याला अपेक्षित नसतं. बिलाच्या वेळी ऐकू येणारं ‘‘इंबीतो यो’’ मात्र खरं असतं: पैसे मी देणार. ‘इंबितार’ म्हणजे आमंत्रण देणं. हॉटेलात या शब्दाचा अर्थ खिशात हात घालणं असा होतो.

आर्जेंटिनातली माते पिण्याची रीत तर ‘ग्रासिआस’ या शब्दाचा अर्थच फिरवते. वाळलेल्या पानांचा हा कडसर काढा भोपळ्याच्या छोट्या भांड्यातून धातूच्या नळीनं पितात. एकच माणूस, त्याला ‘सेबादोर’ म्हणतात, भांड्यात गरम पाणी ओततो आणि पाळीपाळीनं एकेकाच्या हाती देतो. आपण भांडं रिकामं करून परत द्यायचं. तो पुन्हा भरतो, पुढच्याला देतो, फेरी चालू राहते. भांडं परत देताना ‘ग्रासिआस’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘मला आता नको’. पहिल्याच घोटानंतर सभ्यपणे आभार मानणाऱ्या पाहुण्याला मग पुढच्या फेरीत कुणी विचारत नाही.

जिवावर बेततं तेव्हा

रस्त्यात कुणी कोसळलं तर साचे आठवत बसायचं नाही. ‘‘से एंक्वेंत्रा बिएन?’’ (बरं वाटतंय ना?), ‘‘यामो आ उना आंबुलान्सिआ?’’ (रुग्णवाहिका बोलावू का?), ही दोन वाक्यं पुरतात. स्पेनमध्ये आपत्कालीन क्रमांक ११२, मेक्सिकोत ९११, कोलंबियात १२३. ‘‘सोकोर्रो!’’ किंवा ‘‘आउसीलिओ!’’ अशी हाक ऐकू आली तर ती ‘वाचवा!’ आहे. स्पेनमध्ये अशा वेळी पाठ फिरवणं हा गुन्हा आहे. तिथल्या दंडसंहितेच्या १९५व्या कलमानुसार, उघड आणि गंभीर संकटात सापडलेल्या निराधार माणसाला स्वतःला किंवा इतरांना धोका नसताना मदत न करणाऱ्याला ३ ते १२ महिन्यांच्या हिशेबानं दंड होऊ शकतो. स्वतः मदत करणं शक्य नसेल, तर तातडीनं दुसऱ्या कुणाला बोलावणं हेही त्याच कलमात बंधनकारक आहे.

उलट, संकट नसेल तिथे विचारल्याशिवाय हात लावू नये. स्पेनमध्ये दृष्टिहीनांची ‘ओन्थे’ ही संस्था १९३८ पासून काम करते. तिची लॉटरीची कुपनं विकणारे दृष्टिहीन विक्रेते शहरात जागोजागी दिसतात. पांढरी काठी घेतलेल्या माणसाला दंडाला धरून रस्ता ओलांडून देणं ही मदत नव्हे. आधी ‘‘नेसेसीता आयुदा?’’ असं विचारावं. होकार आला तर आपला हात पुढे करावा, म्हणजे त्यांना तो धरता येतो आणि पाऊल त्यांचं ते टाकतात.

जिथे प्रश्नच विचारत नाहीत

मेक्सिकोच्या बेराक्रूस राज्यात आमात्लान दे लोस रेयेस भागात ला पात्रोना नावाची वस्ती आहे. मध्य अमेरिकेतून उत्तरेला निघालेले स्थलांतरित ‘ला बेस्तिआ’ म्हणवणाऱ्या मालगाडीच्या टपावर बसून तिथून जातात. १९९५ मध्ये दूध-पाव घेऊन परतणाऱ्या दोन बहिणींना गाडीवरच्या माणसांनी भूक लागल्याचं ओरडून सांगितलं आणि त्यांनी हातातलं होतं ते वर फेकलं. तेव्हापासून वस्तीतल्या बायका रोज भात, फ्रिहोलेस म्हणजे घेवड्याच्या बिया आणि तोर्तियांच्या पिशव्या बांधतात आणि धावत्या गाडीतल्या हातांत देतात. पाण्याच्या बाटल्या दोन-दोन एकत्र बांधलेल्या असतात, म्हणजे पकडायला सोपं जातं. ‘लास पात्रोनास’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या गटाला २०१३ मध्ये मेक्सिकोचा राष्ट्रीय मानवाधिकार पुरस्कार मिळाला. गाडी काही सेकंदांत निघून जाते. ‘ते दोय?’ असं विचारायला तिथे उसंत नसते.

चिलीच्या चिलोए बेटावर दुसरा प्रकार आहे. तिथे लाकडी घर एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं असेल तर घरमालक शेजाऱ्यांना ‘मिंगा’साठी बोलावतो. हा शब्द मूळ केचुआ भाषेतला. बैलजोड्या आणि दोरखंड घेऊन गाव जमतं, अख्खं घर ओढून नेतं आणि शेवटी यजमान सगळ्यांना खाऊपिऊ घालतो. मजुरी कुणी घेत नाही. नांगरटीसाठी गावाचे बैल जमवणारी आपली इर्जिक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मिंगा समजावून सांगावी लागणार नाही. अशा ठिकाणी ‘मदत करू का?’ हे वाक्य कुणाला सुचतही नाही. बोलावणं आलं की जायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

आपण मात्र परके असतो आणि आपल्याला विचारावंच लागतं. म्हणून स्पॅनिश शिकताना ‘आयुदार’वर थांबू नका. नेणं, आणणं, उघडणं, धरणं, ठेवणं, भरणं, कापणं, सोबत करणं, फोन लावणं आणि फोटो काढणं ही दहा क्रियापदं ‘मी’च्या रूपात पाठ करा: येबो, त्राइगो, आब्रो, सुखेतो, ग्वार्दो, येनो, कोर्तो, आकोंपान्यो, यामो, साको. प्रत्येकापुढे ‘ते’ किंवा ‘ले’ लावा आणि शेवटी आवाज चढवा. ‘नको’ असं उत्तर आलं तर एकदाच पुन्हा विचारा आणि मग बाजूला व्हा. बाकीचं व्याकरण सावकाश येईल.